एआय आठ महिने वापरून झालं, आता खरं काय ते सांगतो

मी इंदूरचा, घर सुदामानगरात, काम हिशोबाचं. सीए नाहीये हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कुणी कान पकडायला नको. छोट्या दुकानदारांची खाती, जीएसटीची रिटर्नं, आलेल्या नोटिशींची उत्तरं असलं सगळं घरातल्या पुढच्या खोलीत बसून करतो, पार्ट्या बावीस-तेवीस, त्यात नमकीनवाले चार (इंदुरात राहून एक तरी नमकीनवाला नसेल तर तो हिशोबनीस कसला). मागच्या जुलैत भाच्यानं एआयचं ॲप टाकून दिलं, पहिला महिना फुकटचं वापरलं, मग पैसे भरून. कुठलं ते सांगत नाही, कारण मधे आणखी दोन वापरून बघितली आणि आमच्या इंदुरी भाषेत उन्नीस-बीसचा फरक.

लिहायला बसलो कारण घरच्या ग्रुपवर याच्यावरनं भांडण झालं. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो एआय नुसतं साधन आहे, सुरीसारखं, भाजी चिरा नाहीतर बोट कापून घ्या, सुरीचा काय दोष. आमची लेक म्हणते बाबा हे धोकादायक आहे, ज्या हिंटननं ही विद्या उभी केली तोच २०२३ मधे गूगल सोडून लोकांना सावध करत फिरतोय आणि पुढच्या वर्षी त्याला फिजिक्सचं नोबेलही मिळालं. मी दोघांचंही ऐकून घेतलं. सुरीचं उदाहरण ऐकून माझे कान किटलेत आणि जगबुडीचं मला कळत नाही, मी आपला आठ महिन्यांत माझ्या टेबलावर काय झालं ते सांगतो.

आधी चांगलं, कारण चांगलं खरंच खूप आहे. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर टूबी येतं, म्हणजे आपल्याला माल देणाऱ्यांनी कोणती बिलं दाखवलीत त्याची यादी. ती आपल्या खरेदीच्या रजिस्टरशी जुळवायची आणि २० तारखेच्या आत थ्रीबी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचं. सहा दिवस, बावीस पार्ट्या, आणि बिल नंबर कुणी ००४५ लिहितो, कुणी ४५, कुणी ४५/२५-२६, एक्सेलला ही तिन्ही वेगळी वाटतात. याच्यात माझे दरवेळी दोन दिवस जायचे आणि मान मोडायची ती वेगळी. एआयला आपल्या साध्या भाषेत सांगितलं की असं असं आहे, तर त्यानं असा फॉर्म्युला दिला की पुढची शून्यं, तिरक्या रेघा, रेघेनंतरचं वर्ष सगळं काढून टाकतो आणि मग जुळवतो. दोन दिवसांचं काम एका दुपारी. त्या दिवशी मी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना पोहे-जिलबी आणली, बायको म्हणाली हे मशीन रोज काहीतरी करू दे.

दुसरं म्हणजे इंग्रजी. एएसएमटी-१० ची, म्हणजे रिटर्नातल्या तफावतीचा खुलासा मागणारी, नोटीस आली की तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आकडे मला येतात पण साहेबाला वाचावंसं वाटेल असं इंग्रजी नाही येत. हे ॲप माझं ओबडधोबड हिंदी-मराठी घेऊन असं पत्र करून देतं की एक पार्टी मला म्हणाली, "भिया, वकील कर लिया क्या?"

मराठी मात्र विचारू नका. गणपतीत मंडळाच्या स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात आलं, २०२५ हे अहिल्याबाईंच्या जन्माचं तीनशेवं वर्ष म्हणून एक पानाचा मजकूर हवा होता. त्यानं लिहिलं ते वाक्यावाक्याला हिंदी, 'आपल्याला सूचित करण्यात येते', 'कृपया ध्यान द्यावे'. पुण्याची मंडळी आमच्या मराठीला ज्या कारणानं हसतात तेच सगळं, एका अर्थी अगदी आपलं इंदूरचंच माणूस. कारणही तेच असावं म्हणा, आम्ही हिंदीत राहून बिघडलो, हे हिंदी-इंग्रजीच्या ढिगात थोडंसं मराठी वाचून मोठं झालंय. पण भाषेपेक्षा मजकूर बघा, म्हणे अहिल्याबाईंनी इंदूरच्या राजवाड्यातून राज्यकारभार केला. अहो, राजवाड्याचं काम मल्हाररावांनी सुरू केलं आणि बाईंचा कारभार महेश्वरहून चालायचा, १७९५ मधे त्या गेल्या त्याही तिथंच. इथलं शाळकरी पोरगं सांगेल. आणि लिहिलेलं कसं, ठसक्यात, कुठं 'बहुतेक' नाही, 'असावं' नाही.

मी हसून दुरुस्त केलं आणि विसरलो. ही माझी पहिली चूक. कारण राजवाड्याचं मला माहीत होतं म्हणून पकडलं, जे मला माहीत नाही तिथं हाच ठसका मी खरा धरून चाललो होतो.

मग आला २०२५ चा २२ सप्टेंबर. घटस्थापना आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर. पॅक करून लेबल लावलेलं नमकीन १२ टक्क्यांवरनं ५ वर आलं. मी नमकीनवाल्यांसाठी दरांची यादी एआयकडून करून घेतली आणि त्यात नमकीन १२ टक्के. माझ्याकडे अर्धा दिवस कामाला येणारी एक मुलगी होती, व्हाउचरच्या एन्ट्र्या करायची, टूबी जुळवायला हात लावायची. तिनं यादी बघितली आणि म्हणाली, "काका, हे जुनं आहे, आजपासून पाच आहे ना?" बिलं जायच्या आत बदललं म्हणून वाचलो. तिनं एक चिठ्ठी लिहून मॉनिटरला चिकटवली, 'रेट पोर्टलवरच बघणे'.

मला मग खाज सुटली. रात्री बसून त्याला विचारलं नमकीनवर किती, म्हणालं १२. मी म्हटलं ५ आहे. लगेच, "अगदी बरोबर, माझी चूक झाली, ५ टक्केच." पाच मिनिटांनी मुद्दाम खोटं बोललो, म्हटलं नाही रे, १८ आहे. तर म्हणालं, "आपण योग्य लक्षात आणून दिलंत, दर १८ टक्के आहे." आणि वर माझं कौतुक. इंटरनेटवर शोधायचं बटण चालू केल्यावर त्यानं नीट ५ सांगितलं, ते कबूल करतो, पण बटण बंद असताना ते स्वतःहून म्हणत नाही की बाबा माझी माहिती जुनी आहे, जरा बघून घे.

भाच्याला विचारलं असं का करतं. त्यानं सांगितलं ते माझ्या भाषेत असं, की हे काही मनात हिशोब धरून बोलत नाही, वाचलेल्या ढिगावरनं पुढचा शब्द कोणता शोभेल ते जुळवत जातं. आणि शिकवताना माणसांना बसवून विचारतात की या दोन उत्तरांपैकी कुठलं आवडलं, जे आवडलं त्याला बक्षीस. आता माणसाला काय आवडतं? आपलं बरोबर आहे म्हटलेलं आवडतं. म्हणजे होयबा होणं हे याच्या शिक्षणातच थोडं मुरलंय. २०२५ च्या एप्रिलमधे चॅटजीपीटीची एक आवृत्ती इतकी हांजी हांजी करायला लागली की त्यांना ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली, आणि कंपनीनं स्वतःच तसं लिहून कबूल केलं.

न्यूयॉर्कच्या त्या वकिलांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, २०२३ ची. विमान कंपनीविरुद्धच्या केसमधे एआयनं सांगितलेले जुने निकाल कोर्टात दिले, ते निकाल कधी झालेच नव्हते, पाच हजार डॉलर दंड बसला. मला त्यातलं एकच आठवतं, की वकिलानं त्यालाच विचारलं होतं हे निकाल खरे आहेत का, आणि ते हो म्हणालं होतं. मी आधी हसलो होतो त्या वकिलाला. आता नाही हसत.

वडील इथल्या एका कापडमिलमधे होते. ते सांगायचे, धागा तुटला की साचा, म्हणजे माग, थांबतो, म्हणून तर एक माणूस इतके साचे बघू शकतो. माझं सुरीवाल्या भावाला एवढंच म्हणणं आहे की हा साचा धागा तुटला तरी थांबत नाही. हवेतूनच विणत राहतो आणि कापड हातात घेतलं तर वीण तशीच सफाईदार. कॅल्क्युलेटरनं मला कधी "छान प्रश्न विचारलात" म्हटलेलं नाही. जे साधन माझ्या बाजूला झुकून बसतं त्याला तटस्थ कसं म्हणायचं?

आईचं सांगायलाच हवं. आई ७९ ची, तिला भाच्यानं बोलून विचारायचं शिकवलं, ती त्याला 'बाई' म्हणते. पुरणात सुंठ घालू का इथपासून ते सुना कशा आहेत इथपर्यंत सगळं त्या बाईशी. बीपीच्या गोळीनं पाय सुजतात म्हणून गोळी बंद करू का असं तिनं विचारलं, बाईनं सांगितलं डॉक्टरांना विचारा, शाबास. पण आई आमची होळकरांच्या राज्यात जन्मलेली, तिनं तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला आणि चौथ्या वेळेला बाई म्हणाली, आपल्या शरीराचं ऐकणं महत्त्वाचं आहे, काही दिवस थांबून बघू शकता. मी स्वयंपाकघरातून धावत आलो. डॉक्टरांनी नंतर गोळी बदलून दिली, सूज उतरली. मी आईला म्हटलं त्या बाईवर विश्वास ठेवू नकोस, तर म्हणाली, "ती कंटाळत तरी नाही रे, तुम्ही सगळे कंटाळता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाहीये.

स्टार विचारणाऱ्यांसाठी, कामाला चार, खरेपणाला दीड. पार्ट्यांचे पॅन नंबर आणि बँकेची स्टेटमेंटं त्यात बिनधास्त टाकू नका, सेटिंगमधे जाऊन 'माझ्या गप्पांवरनं शिका' असा पर्याय शोधून बंद करा, मी पहिले तीन महिने हे केलंच नव्हतं.

आता मुख्य. नोव्हेंबरात मी त्या मुलीला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस, आता जुळवणी एआय करतंय. सात हजार महिना वाचत होते. ती "बरं काका" म्हणाली, डबा पिशवीत टाकला आणि गेली. मी सगळीकडे सांगत सुटलो, बघा एआयनं नोकऱ्या कशा खाल्ल्या, माझ्याच घरात. बायकोनं एक दिवस विचारलं, "एआयनं फोन केला होता का तिला?"

कॅनडात एक केस झाली होती, २०२४ ची. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला सवलतीचं चुकीचं सांगितलं आणि भरपाई मागितल्यावर कंपनी म्हणाली, चॅटबॉट त्याच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. लवादानं ते उडवून लावलं, पैसे द्यायला लावले. वाचून मला वाटलं काय हे निर्लज्ज लोक. म्हणजे विकताना साधन, आणि अंगाशी आलं की तो वेगळा माणूस. आणि मी काय वेगळं करत होतो, मुलीला काढलं मी, नाव एआयचं.

डिसेंबरचं रिटर्न भरलं, शीटवर त्यानं लिहून दिलं होतं 'सर्व नोंदी यशस्वीरीत्या जुळल्या'. फेब्रुवारीत एका पार्टीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, जास्त दिसायला लागलं. खोदत गेलो तर तोच माझा लाडका फॉर्म्युला, शून्यं आणि रेघा काढून टाकणारा. दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांची ४५ नंबरची बिलं, रक्कम जवळपास सारखी, त्यातल्या एकाचं बिल टूबीत आलेलंच नव्हतं आणि फॉर्म्युल्यानं दुसऱ्याच्या बिलाशी त्याची गाठ मारून दिली. जीएसटी नंबर बघायचाच नाही असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, बघ असंही नव्हतं सांगितलं. हे आधी होत असणार, पण आधी ती मुलगी नजर टाकायची आणि न सांगता नीट करायची. अठरा हजारांचं क्रेडिट उलटवलं, वर १८ टक्क्यांनी व्याज, ते माझ्या खिशातनं, पार्टीकडे कुठल्या तोंडानं मागणार.

तिला फोन केला. ती आता विजयनगरला एका कॉल सेंटरात आहे, पगार मी देत होतो त्यापेक्षा जास्त, ते बरंच झालं. म्हणाली, "काका, रोज नाही जमणार, रविवारी येऊन बघत जाईन." मार्च डोक्यावर, मी म्हटलं ये बाई. ॲपचं पुढच्या वर्षीचंही भरलंय, खोटं कशाला बोलू, इंग्रजी पत्रांसाठी आणि पहिल्या हातासाठी ते लागतंच आता.

पहिल्या रविवारी ती आली, चहा घेतला, मॉनिटरवरची तिचीच चिठ्ठी एका कोपऱ्यातनं सुटली होती ती बोटानं दाबून बसवली आणि डिसेंबरची शीट उघडली. पाच मिनिटं खाली-वर केलं आणि विचारलं, "काका, हे कुणी जुळवलं?"

मी म्हटलं, मी.