अडतीस कॅसेटींचं बोचकं: झिप, ७-झिप, रार की व्हेराक्रिप्ट?

आमच्या घरच्या अडतीस कॅसेटी एकदाच्या संगणकावर उतरवून झाल्या. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या सप्ताहातली कीर्तनं, आत्याच्या लग्नातली मंगलाष्टकं. आणि दोन कॅसेटी जमिनीच्या वाटणीच्या बैठकीच्या, ज्यात आजोबा आणि चुलत आजोबा एकमेकांना जे बोललेत ते घराबाहेर जाऊ नये असंच आहे. म्हणजे फाइली आटोपशीर करायच्या होत्या आणि काहींना कुलूपही लावायचं होतं. विचारलं की लोक वरची चार नावं सांगतात, फाइली एकत्र बांधायच्या आणि त्यांना पासवर्ड लावायच्या साधनांची. चारही वापरून पाहिली.

आधी आकाराचं बोलू, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलीत (यात आवाज न दाबता ठेवलेला असतो) सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, आणि चॅनल दोन. मिनिटाला साडेदहा एमबी होतात. ६० मिनिटांची कॅसेट ६३५ एमबीला जाते, अडतीस म्हणजे २४ जीबी. ही फाइल झिपमध्ये कोंबून फारसं काही हाती लागत नाही. झिप शोधतं ते पुन्हा पुन्हा जशीच्या तशी येणारी अक्षरं. मजकुरात ‘आणि’ शंभरदा येतो. आजीने ओवीत ओढलेला ‘गं’ मात्र दोनदा हुबेहूब सारखा येत नाही. ७-झिप थोडं पुढे जातं, इतकंच.

खरं काम करतं ते फ्लॅक, खास आवाजाच्या फाइली लहान करणारा फॉरमॅट. मागच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा ते अंदाज बांधतं आणि अंदाज जेवढा चुकला तेवढंच लिहून ठेवतं. फाइल साधारण निम्म्यावर येते आणि उलगडली की मूळ आवाज बिटन् बिट परत मिळतो. टेपची खरखर जास्त असेल तर बचत कमी होते, कारण खरखरीचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. आमचा टेपरेकॉर्डर मोनो होता, हे मात्र उशिरा लक्षात आलं. दोन्ही चॅनलवर एकच आवाज! एक चॅनल काढून टाकला आणि वेव्ह फाइल फुकटात निम्मी झाली. तुमच्याकडे फक्त एमपीथ्री असतील तर त्या तशाच राहू द्या. झिप करून जागा वाचत नाही, आणि फ्लॅक केल्या तर फाइल फुगते, पण एमपीथ्री करताना उडालेला आवाज काही परत येत नाही.

तेव्हा आटोपशीर करायचं काम फ्लॅकचं. बाकीच्यांकडून हवी ती पेटी आणि कुलूप, आणि तुलना करायची ती त्यावरच.

झिपचा गुण एकच आणि मोठा: ते कुठेही उघडतं. १९८९ पासून चालत आलंय. पण त्यात कुलपं दोन प्रकारची येतात आणि जुनं कुलूप अगदीच तकलादू आहे. आतल्या फाइलीचा थोडासा भाग आधी माहीत असेल तर ते फोडता येतं, हे बिहॅम आणि कोचर या संकेतशास्त्रज्ञांनी १९९४ मध्येच दाखवलं. ऑडिओला हे विशेष लागू पडतं. वेव्ह काय, फ्लॅक काय, फाइलीची सुरुवात ठरलेली असते. फाइल न दाबता नुसती ठेवली असेल तर कुलूप फोडणाऱ्याला बाराएक बाइट पुरतात, आणि ते त्याला फाइल न पाहताच ठाऊक असतात. दुसरं, एईएस-२५६ नावाचं नवं कुलूप निवडलंत तर ते पक्कं, पण मग विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ते झिप उघडत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. म्हणजे झिपचा एकमेव गुणही गेला. शिवाय कुलूप कुठलंही लावा, फाइलींची नावं उघडीच राहतात. ‘वाटणी बैठक २’ असं दारावरच लिहिलेलं असेल तर आत काय आहे ते वेगळं सांगायला नको. देवनागरी नावांचा घोळ वेगळाच. जुन्या विंडोजचं झिप अशी नावं घ्यायलाच नकार द्यायचं.

७-झिप फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे, कुलूप एईएस-२५६ चं. झिपऐवजी त्याचा स्वतःचा फॉरमॅट निवडला की फाइलींची नावंही झाकायची सोय मिळते, आणि देवनागरी नावं बिनबोभाट राहतात. पासवर्डापासून किल्ली तयार करताना ते पाच लाखांहून जास्त फेऱ्या मारतं, त्यामुळे एकामागून एक अंदाज लावत बसणाऱ्याचा दम निघतो. दुबळी बाजू अशी की आतल्या मालाची यादी फाइलीच्या शेवटी असते आणि दुरुस्तीची सोय नसते. मी एकदा कॉपी पुरती व्हायच्या आत पेन ड्राइव्ह उपटला. तीन जीबीची फाइल दिसत होती, उघडत मात्र काहीच नव्हतं. मूळ प्रत होती म्हणून वाचलो.

इथे रार उजवं ठरतं. फाइल बनवतानाच पाच टक्के जादा जागा देऊन त्यात दुरुस्तीची नोंद ठेवता येते. खात्री करायला मी एका रार फाइलीची प्रत घेतली, हेक्स एडिटरमध्ये (त्यात फाइलीतले बाइट थेट बदलता येतात) मधल्या शेदोनशे बाइटांवर शून्यं मारली आणि ‘रिपेअर’ दाबलं. ओव्या जशाच्या तशा वाजल्या. नावंही झाकता येतात. पण संगणकावर रार बनवायला विकतचं विनरार लागतं. उघडायला मात्र ७-झिपही चालतं.

व्हेराक्रिप्ट थोडक्यात. ती फाइली बांधायची पेटी नाही, पासवर्डाने उघडणारी, वेगळ्या डिस्कसारखी वापरायची तिजोरी आहे. आकार आधीच ठरवायचा, रिकामी असली तरी तेवढी जागा अडते. रोज उघडझाप करायच्या कागदपत्रांना उत्तम. एकदा ठेवून वर्षानुवर्षं न हलवायच्या रेकॉर्डिंगला कशाला? मोबाइलवर अधिकृत अॅपही नाही.

मी काय केलं? छत्तीस कॅसेटींना कुलूपच लावलं नाही. आजीच्या ओव्या चोरून कोण काय करणार? पासवर्ड विसरल्यामुळे त्या गमावण्याची भीती त्याहून मोठी. साध्या फोल्डरांत फ्लॅक फाइली, एक प्रत घरी, एक बहिणीकडे, एक क्लाउडवर. वाटणीच्या दोन कॅसेटी तेवढ्या ७-झिपमध्ये, कॉम्प्रेशन ‘स्टोअर’वर, म्हणजे न दाबता, नावं झाकून. ‘स्टोअर’ अशासाठी की फ्लॅकला पुन्हा दाबण्यात अर्थ नाही, आणि आवाजाच्या भागातला एखादा बाइट बिघडला तरी नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं. प्रती तीन असल्याने रारच्या दुरुस्तीवाचून अडत नाही. तुम्ही एकाच हार्ड डिस्कवर भागवणार असाल तर मात्र रारचे पैसे मोजा. कुठलंही निवडा, कॉपी झाली की त्याच डिस्कवर ‘टेस्ट’ चालवून पाहा, मगच डिस्क काढा.

आणि पासवर्ड देवनागरीत ठेवू नका. ‘तऱ्हा’ मधला ‘ऱ’ एक कीबोर्ड एकच अक्षर म्हणून लिहितो, दुसरा ‘र’खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, कुलपाला नाही. मी साधी रोमन अक्षरं घेतली, कागदावर लिहिली, आणि तो कागद आईच्या लॉकरमध्ये सातबाऱ्यासोबत ठेवला.