मालवणच्या बाजारातलं मुठेल आणि आगळ – नक्की घ्या, पण लेबल वाचून

मालवणच्या बाजारात एका छोट्या दुकानातून मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) आणि आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) घेतलं. मुठेल एकदम अस्सल, रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) बिया कुटून पाण्यात उकळून वर आलेलं तेल गोळा करतात आणि हाताने गोळे वळतात तसंच, फिकट पिवळसर, वास जवळजवळ नाहीच. खोलीत घट्ट राहतं पण अंगाच्या उबेने मऊ होतं, त्यामुळे भेगाळलेल्या टाचांवर रात्री चोळून मोजे घातले की मस्त बसतं, आईच्या टाचा खरंच मऊ झाल्या. बाजारातल्या महागड्या फूट क्रीमपेक्षा मला हेच आवडलं.

आगळ पण छान, रंग नैसर्गिक, सोलकढीला मस्त. फक्त त्यात मीठ भरपूर असतं, बीपीवाल्यांनी जपून घ्या हो! बाटलीवर मिठाचं प्रमाण छापलेलं नव्हतं, ते छापायलाच हवं.

एकच खटकलं, बाटलीवर 'वजन घटवा' लिहिलंय. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिड असतं हे खरं, पण त्याने माणसांचं वजन खात्रीने उतरतं असा भक्कम पुरावा नाहीये आणि गार्सिनियाच्या (कोकमाच्याच जातकुळीतल्या फळाच्या अर्काच्या) वजन घटवायच्या गोळ्यांनी काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. जेवणात कोकम बिनधास्त खा, गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. मुठेल पुन्हा घेणार.