बिट्टीचं झाड विकलं पण विषारी आहे हे नाही सांगितलं

गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून मागच्या महिन्यात पिवळी कण्हेर घेतली, म्हणजे आपली बिट्टी. रोप एकदम तजेलदार, माती भुसभुशीत, पॅकिंगही मस्त, त्याला पैकीच्या पैकी. पण मी दोनदा विचारलं की घरात तीन वर्षांची पोरगी आहे, चालेल ना, तर काउंटरवरचा म्हणाला बिनधास्त लावा, महादेवाला फुलं होतील!

अहो, त्या झाडाचं पान, फूल, चीक, सगळंच विषारी, आणि बी तर सगळ्यात जास्त. त्यातलं थेवेटिन नावाचं विष सरळ हृदयाचे ठोके बिघडवतं. मूळचं मेक्सिकोकडचं झाड, शोभेसाठी जगभर पसरलं. श्रीलंकेत १९८० मध्ये जाफना भागात दोन मुली या बिया खाऊन दगावल्या आणि त्यानंतर तिकडे या बियांनी जीव देणाऱ्यांची रांगच लागली. लहानपणी आम्ही याच बिट्ट्यांनी खेळायचो, कुणी तोंडात कशी घातली नाही देव जाणे.

परत करायला गेलो तर म्हणे विकलेला माल परत नाही. शेवटी कुंडी गच्चीवर नेली, दाराला कुलूप. दोन स्टार, तेही फक्त मातीसाठी.