आठ महिने प्रेशर वॉशर: चिखल निघाला, बेअरिंगही गेलं

आधी बादली, ब्रश आणि दीड तास. आता प्रेशर वॉशरच्या जोरदार धारेने डर्ट बाइक २५ मिनिटांत धुऊन होते, त्यामुळे यंत्राला नावं ठेवायला तोंड नाही. चूक माझीच.

पहिले दोन महिने मला चेव चढला होता. १२० बारचा दाब, लाल नोझल, आणि धार थेट चाकाच्या मधोमध, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) सांध्यात, चेनवर. चिखलाचे पापुद्रे उडताना बघायला मजा यायची. तिसऱ्या महिन्यात मागचं चाक हाताने हलवलं तर खडखड. उघडून पाहतो तो बेअरिंगमध्ये ग्रीसच्या जागी तपकिरी पाणी. सील शिंतोडे अडवतं, जवळून मारलेली धार नाही. ओ-रिंगच्या, म्हणजे सांध्यांत रबरी कड्या असलेल्या चेनचंही तसंच: पिन आणि बुशमधलं ग्रीस कारखान्यातच भरून येतं. त्यात एकदा पाणी शिरलं की वरून कितीही ल्यूब मारा, आत पोचत नाही.

लाल नोझल, म्हणजे शून्य अंशाचं, तेव्हापासून खोक्यात पडून आहे. आता पांढरं, ४० अंशांचं, तेही हातभर लांबून. रेडिएटरवर धार तिरकी नाही, समोरून आणि हलकी. नाहीतर त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. इंजिन थंड होऊ द्यायचं, एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) झाकायचा, सायलेन्सरला बूच. (बूच काढायला विसरून किका मारत बसलेला माणूस मीच.) चिखल आधी साध्या पाण्याने दहा मिनिटं भिजवायचा, कोरडाच घासला तर प्लास्टिकवर ओरखडे येतात.

धुण्यापेक्षा वाळवण्याला जास्त वेळ द्यावा, हे मला उशिरा कळलं. ब्लोअरने सांध्यासांध्यांतलं पाणी उडवतो, मग बूच काढून इंजिन पाचेक मिनिटं चालू ठेवतो. चेन पुसून आतल्या बाजूने ल्यूब. डब्ल्यूडी-४० मी नटबोल्टवर मारतो. नावातला 'डब्ल्यूडी' म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हुसकावणं. तेवढं काम ते चोख करतं, पण त्याला चेनचं ल्यूब समजू नये. कुठलाही स्प्रे मारताना ब्रेक डिस्कवर फडकं हवंच.

मडगार्डच्या खालून सिलिकॉन स्प्रे मारला की पुढच्या वेळी चिखल सहज सुटतो. हौसेने एकदा सीटवरही मारला होता. पहिल्याच चढाला मी मागच्या मडगार्डवर.

वॉशरबद्दल म्हणाल तर मोटर ठणठणीत. सहाव्या महिन्यात गनच्या सांध्यातून पाणी गळायला लागलं, रबरी रिंग बदलली, थांबलं. पाइप मात्र इतका ताठ की गुंडाळून ठेवला तरी अजगरासारखा उलगडतो, आणि पुढच्या वेळी पहिली पाच मिनिटं त्याचे पीळ सोडवण्यात जातात.