नोकिया १०५: दुकान बंद झाल्यावरचा फोन

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात माझं मेडिकल आहे. दिवसभर व्हॉट्सॲप लागतंच. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो येतात, होलसेलरला ऑर्डर त्यावरच जाते. त्यामुळे ‘स्मार्टफोन सोडा’ हा सल्ला माझ्या कामाचा नाही. माझा प्रश्न शटर ओढल्यानंतरचा होता. जेवताना रील, झोपताना रील, आणि पोरगी शेजारी पाढे म्हणतेय ते कानावरच पडत नाही.

शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर उपाय काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. हे मला मनापासून आवडतं, कारण सगळं गाव एकदम थांबतं. आमच्या गल्लीत तसं होणार नाही, म्हणून मी नोकिया १०५ घेतला, २०२३ चं मॉडेल. बाजारात आला तेव्हा किंमत १,२९९ रुपये होती.

माझी पद्धत अशी. रात्री स्मार्टफोन दुकानाच्या गल्ल्यात ठेवून कुलूप लावायचं आणि त्याचे कॉल या फोनवर फॉरवर्ड करायचे. घर दुकानाच्या वरच आहे. अडीनडीला कुणी फोन केला तर उचलला जातो, आणि मला तेवढंच हवं होतं. लोकांना आपण सापडलो पाहिजे, पण त्यासाठी फेसबुक उशाशी लागत नाही. हे दोन वेगळे झाले, यातच माझे पैसे वसूल झाले.

रात्री चिठ्ठीचा फोटो येऊ शकत नाही. औषधाचं नाव फोनवर ऐकून मी काही देत नाही, सारख्या उच्चाराची नावं फार आहेत. ‘चिठ्ठी घेऊन या, मी खाली येतो’ असं सांगतो. लोक येतात.

बॅटरी १००० एमएएचची, पण पडदा पावणेदोन इंचांच्या आसपासचा, त्यामुळे चार्जर रोज शोधावा लागत नाही. एफएमला इअरफोन जोडायची गरज नाही. टॉर्च चांगला आहे. लाइट गेली की घरात आधी हाच फोन मागतात. नंबर मी हातानेच भरले, घरचे, डॉक्टर, जवळचे मित्र. तेवढ्यात काम भागतं.

घेण्याआधी एक नक्की बघा. हा टूजी फोन आहे, त्यामुळे जिओचं सिम यात चालत नाही. जिओचं नेटवर्क फोरजीपासून वरचं. जिओवाल्यांनी फोरजी कीपॅड फोनच बघावा, पण त्यात व्हॉट्सॲप किंवा व्हिडिओ नाहीत ना, हे दुकानदाराला विचारूनच घ्यावा.

पैशांसाठी यूपीआय १२३पे आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी ते सुरू केलं आणि आता एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. आवाज ऐकत बटणं दाबायची असतात, म्हणून वेळ लागतो. दुधवाल्याला मी रोखच देतो.

ज्यांच्या मुलांच्या शाळेचे निरोप रात्री ग्रुपवर येतात, त्यांनी घरातला एक स्मार्टफोन चालू ठेवावा. आमच्याकडे तो बायकोचा असतो. आणि कॉल फॉरवर्ड केल्यावर दुसऱ्या फोनवरून एकदा लावून बघा, मगच गल्ल्याला कुलूप लावा.