दाढेचं इम्प्लांट: वापरानंतरचा अनुभव, आणि मुख्यतः एका स्क्रूची तक्रार

खालची दाढ काढून तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसणारं टायटॅनियमचं कृत्रिम मूळ, बसवलं, वर कॅप लागली, त्यालाही आता बरेच महिने झाले. सगळं सुरळीत होतं म्हणून लिहायचं राहून गेलं. मग अलीकडे चावताना दाढ किंचित हलल्यासारखी वाटायला लागली. बोटाने दाबलं की बारीकशी टक् व्हायची आणि त्या बाजूला तोंडात घाण चव यायची. पोटात गोळाच आला. इतके पैसे, इतका वेळ, आणि आता हे निघणार?

शस्त्रक्रियेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दाढ काढताना जेवढा त्रास झाला, त्याच्या निम्माही इम्प्लांट बसवताना झाला नाही. खरी परीक्षा नंतरच्या थांबण्याची. टायटॅनियमला हाडाने घट्ट धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने देतात. वरचं हाड जास्त सच्छिद्र असतं, म्हणून तिथे बऱ्याचदा चार ते सहा. हाड टायटॅनियमला असं धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या १९५२ मध्ये सशांवर प्रयोग करताना लक्षात आलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवलं, आणि त्या माणसाने ती चाळीस वर्षं, शेवटपर्यंत वापरली. मग माझंच इतक्यात कसं हललं?

हललं नव्हतंच. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं की हाड एकदम छान आहे, इम्प्लांट पक्कं आहे. ढिला झालाय तो फक्त एक छोटा स्क्रू, जो अबटमेंटला, म्हणजे कॅप ज्यावर बसते त्या वरच्या भागाला, इम्प्लांटशी जोडतो. इम्प्लांट स्वतः हललं तर ते बहुधा गेलंच म्हणून समजायचं, पण वरची कॅप हलली तर दोष बहुतेक वेळा स्क्रूचा असतो. हा फरक मला कॅप बसवली त्याच दिवशी कुणी सांगितला असता तर कित्येक रात्रींची झोप वाचली असती.

आता खरी तक्रार. माझी कॅप सिमेंटने चिकटवलेली, त्यामुळे स्क्रूपर्यंत जायला वाटच नव्हती. डॉक्टरांना चांगल्या कॅपला अंदाजाने भोक पाडून स्क्रूचं डोकं शोधावं लागलं. कॅप स्क्रूने बसणारी असती तर वरचं भोक बुजवणारं कंपोझिट काढायचं, खालची टेफ्लॉनची पट्टी उचलायची आणि स्क्रू आवळायचा, एवढंच काम होतं. सिमेंटचा आणखी एक धोका म्हणजे जादाचं सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तिथे सूज धरते आणि हळूहळू हाड झिजतं. समोरच्या दातांत भोक दर्शनी बाजूला येत असेल तर सिमेंट समजू शकते. मागच्या दाढेला कशाला?

बरं, भोक पाडलं तरी स्क्रू फिरवायचा कशाने? बऱ्याच कंपन्यांचा ड्रायव्हर वेगवेगळा असतो. माझ्या फायलीत फक्त 'इम्प्लांट, ४६' (४६ हा दाढेचा क्रमांक) एवढंच लिहिलेलं. कंपनी नाही, व्यास नाही, लांबी नाही, लॉट नंबर नाही. बसवणारे डॉक्टर त्या क्लिनिकमध्ये बाहेरून यायचे, ते आता येत नाहीत, आणि क्लिनिकला फोन केला की 'बघून सांगतो'. शेवटी नव्या डॉक्टरांनी एक्स-रेवरच्या आट्यांच्या आकारावरून कंपनी ओळखली. इम्प्लांटच्या पाकिटात यासाठीच स्टिकर असतो. तो पेशंटला न देणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, आणि त्याचा भुर्दंड मी भरला.

नवीन स्क्रू टाकला. टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराने आवळला, दहा मिनिटं थांबून पुन्हा आवळला, कारण पहिल्या आवळण्यानंतर धातूचे पृष्ठभाग बसतात आणि ताण थोडा उतरतो. मग चावा तपासला. खऱ्या दाताच्या मुळाभोवती साधारण ०.२ मिलिमीटरचा मऊ थर असतो, त्यामुळे तो चावताना जरासा दबतो. इम्प्लांट दबत नाही. कॅप सूतभर जरी उंच राहिली तरी सगळा मार स्क्रूवर. त्यातून मी झोपेत दात खाते, म्हणून आता नाईट गार्ड लावते. हे पहिल्या क्लिनिकमध्ये कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या दाताशी एक फट पडायला लागली आहे, तिथे रेशे अडकतात. नैसर्गिक दात आयुष्यभर किंचित सरकत राहतात, इम्प्लांट जागचं हलत नाही, म्हणून असं होतं म्हणे. इंटरडेंटल ब्रश फिरवला की निभावतं. कटकट आहे, पण सोसण्याजोगी.

एवढं होऊनही इम्प्लांटबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. उलट वधारलंय. ब्रिजसाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागले असते, ते वाचले, आणि दाढेने मी आता काहीही चावते.

वरच्या जबड्यातली एक रूट कॅनॉल झालेली दाढ तडकली आहे, तीही काढावी लागेल. तिथे सायनस, म्हणजे गालामागची पोकळी, जवळ आहे, त्यामुळे हाड कमी पडू शकतं. हाड भरायचं की नाही ते सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, पाहून ठरेल. डॉक्टरांना मात्र आत्ताच सांगून ठेवलंय, कॅप स्क्रूचीच हवी, आणि पाकिटावरचा स्टिकर त्याच दिवशी माझ्या फायलीत.