लॅपटॉप: काय घेतानाच घ्यायचं आणि काय लॅमिंग्टन रोडसाठी ठेवायचं

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडं चाललं की हा बाजार सुरू होतो. मुंबईत रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), एसएसडी (फायली साठवणारी डिस्क), चार्जर, कीबोर्ड असले सुटे भाग घ्यायचे तर आजही पहिला पत्ता हाच. म्हणूनच ‘आत्ता ८ जीबी रॅमचा स्वस्तातला घे, नंतर लॅमिंग्टनवर वाढवून घेऊ’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो निम्माच खरा आहे. बाजार चांगला आहे. अडचण अशी की हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये वाढवायला जागाच ठेवलेली नसते, आणि हे कळतं मागचं झाकण उघडल्यावर.

सगळ्यात आधी रॅम पाहा. ती दोन प्रकारे येते: स्लॉटमध्ये बसणारी सोडिम पट्टी, किंवा बोर्डवर सोल्डर केलेल्या, म्हणजे डाग देऊन कायमच्या जोडलेल्या चिपा. स्पेसिफिकेशनमध्ये ‘एलपीडीडीआर’ (कमी वीज खाणारी रॅम) लिहिलं असेल तर बहुतेक सगळ्या मॉडेलांत ती सोल्डरच असते आणि विकत घेताना जेवढी घेतली तेवढीच कायम राहते. नुसतं ‘डीडीआर४’ किंवा ‘डीडीआर५’ असेल तर आशा आहे, खात्री नाही. काही मॉडेलांत ८ जीबी सोल्डर आणि शेजारी एक रिकामा स्लॉट असतो. रोजच्या कामासाठी ही रचना उत्तम. त्यात ८ ची पट्टी टाकली की १६ जीबी होते आणि दोन्ही चॅनेल (रॅम आणि प्रोसेसरमधल्या वाटा) चालू होतात, त्यामुळे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही वेग मिळतो. १६ ची टाकली तर २४ होते. त्यातली १६ दोन चॅनेलवर चालते, उरलेली एका. चालतं, काही बिघडत नाही.

दुकानातल्या डेमो पीसवर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. फॉर्म फॅक्टरसमोर ‘सोडिम’ आहे की ‘रो ऑफ चिप्स’, ते दिसतं. हा अंदाज झाला. पुरावा म्हणजे कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल. लेनोवोची पीएसरेफ नावाची साइट प्रत्येक मॉडेलचे स्लॉट आणि कमाल रॅम स्पष्ट लिहिते. एचपी, डेलची मॅन्युअलंही नेटवर फुकट मिळतात. पूर्ण मॉडेल नंबर टाकूनच शोधा, कारण एकाच नावाखाली दोन वेगळे बोर्ड विकले जातात.

किती घ्यायची? विंडोज ११ वर नुसतं मशीन चालू केलं की तीन-चार जीबी जाते, थोडी ग्राफिक्स खातं. ब्राउझरचे वीस टॅब, एक्सेल आणि व्हिडिओ कॉल एवढ्यावर ८ जीबी भरते, आणि मग मशीन एसएसडीवर लिहून वेळ मारून नेतं. १६ घ्या. ३२ जीबी रोजच्या कामाला उगाच. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे ‘नंतर बाहेरून स्वस्त पडेल’ हे गृहीत धरू नका. ८ आणि १६ जीबीच्या एकाच मॉडेलमधला फरक काढा, त्याच दिवशी पट्टीचा जीएसटीसकट भाव विचारा, मग ठरवा. कधी कधी कंपनीचंच स्वस्त निघतं.

प्रोसेसर कधीच बदलता येत नाही, आणि नेमकं इथेच नावं फसवतात. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी ठेवलेले दिसतील. पहिल्यात चार कोअर (प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि २०१९ ची झेन २ रचना, शिवाय तो फक्त एलपीडीडीआर५ घेतो, म्हणजे रॅम वाढण्याची बातच नको. दुसऱ्यात सहा कोअर आणि झेन ३. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो. तो २ दिसला तर पुढे सरका. इंटेलकडे उलट गंमत. आय५-१३३५यू आणि आय७-१३५५यू, दोन्हींत दहाच कोअर: दोन मोठे, आठ छोटे. आय७ चा वेग थोडा जास्त, ग्राफिक्स थोडं बरं. बँकेची कामं, कॉलेजचे प्रोजेक्ट, टॅली, यूट्यूब यांत तो फरक शोधून सापडणार नाही. ते पैसे स्क्रीनवर घाला.

स्क्रीनबद्दल दुकानात कोणी आपणहून बोलत नाही. ‘फुल एचडी आयपीएस, अँटी ग्लेअर’ एवढ्यावर समाधान मानू नका. ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांचं माप) आणि ‘२५० निट्स’ (उजेडाचं माप) हे शब्द दिसले की पॅनल सगळ्यात स्वस्त वर्गातलं समजा: रंग फिके, खिडकीजवळ बसलं की अक्षरं पुसट. १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) आणि ३०० निट्स किंवा जास्त असेल तर दोन-तीन हजार ज्यादा द्यायला हरकत नाही. नंतर पॅनल बदलता येतं, लॅमिंग्टनवर करूनही देतात. पण केबल ३० पिनची की ४० ची, स्क्रू-पट्ट्या जुळतात का, जाडी तीच आहे का, यात हिशेब चुकतो; वॉरंटीचा वाद वेगळाच. बॅकलिट कीबोर्डचंही तेच, सोबतच घ्या. वजनही घेतानाच पाहा. विरार फास्टमध्ये पाठीवरची पिशवी पोटाशी धरून उभं राहायचं असेल तर १.४ आणि १.८ किलोतला फरक खांद्याला कळतो.

एसएसडी मात्र खुशाल बाजारावर सोडा. ५१२ जीबीवाला घ्या (विंडोजमध्ये तो ४७६ दिसतो, चोरी झालेली नसते), पुरेनासा झाला की १ टीबी टाका. जेन ४ (नव्या पिढीच्या एसएसडी) चा सेकंदाला ७,००० एमबीचा आकडा आणि जेन ३ (आधीच्या पिढी) चा ३,५०० चा, यांतला फरक रोजच्या वापरात जाणवत नाही. पाहायचं ते इतकंच: लांबी २२८० (८० मिमी) की २२४२ (४२ मिमी), जोडणी एनव्हीएमई की जुनी, संथ साटा, आणि चिपा टीएलसी (एका कप्प्यात तीन बिट) आहेत की क्यूएलसी (चार बिट). किमतीत फार अंतर नसेल तर टीएलसी. एम.२ (लॅपटॉपमधल्या पट्टीसारख्या एसएसडीचा आकार) मध्ये साटा आणि एनव्हीएमई दिसायला सारखेच; एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये साटा बसेल, पण मशीनला दिसेलच असं नाही.

आता बाजाराचा अनुभव कसा असतो ते. माल भरपूर, भाव दुकानागणिक वेगळा, बोलणं थेट. तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका. पहिला भाव बहुधा कच्च्या बिलाचा असतो. जीएसटीचं पक्कं बिल मागितलं की १८ टक्के वर चढतात. ते द्या, कारण कंपनीकडे वॉरंटी मागताना सीरियल नंबर छापलेलं पक्कं बिलच कामी येतं. ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे बहुधा काउंटर सोडेपर्यंतची. लूज पीस, म्हणजे खोक्याशिवाय मिळणारा सुटा भाग, बहुधा दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेला असतो. रॅमला एक वेळ चालेल, एसएसडीला नको. एसएसडी बसवल्यावर तिथेच क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवायला सांगा. चालू राहिलेले तास आणि लिहिलेला डेटा जवळपास शून्य दिसला पाहिजे. नवीन म्हणून दिलेल्यात शेकडो तास दिसले तर तिथेच परत. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि संध्याकाळच्या गर्दीत कोणालाही तुमच्या स्क्रूकडे लक्ष द्यायला वेळ नसतो. आठवड्यात मधल्या वारी दुपारी गेलेलं बरं.

बसवणावळ थोडी असते, काम दहा-पंधरा मिनिटांचं. तरी समोर उभे राहा. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं; घाईत ते टाळलं की बोर्ड शॉर्ट होऊ शकतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डात किंवा वरच्या कव्हरमधून बाहेर येतो, म्हणून ते ज्या जागचे त्या क्रमाने ठेवले जातात का ते बघा. पट्टी तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक’ वाजल्या पाहिजेत. दुसऱ्या एम.२ स्लॉटचा बारका स्क्रू पुष्कळदा कंपनीने दिलेलाच नसतो. तो दुकानातूनच मागून घ्या, चिकटपट्टीवर भागवू देऊ नका. डीडीआर५ टाकल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन मिनिटभर, कधी जास्तच काळी राहते. मशीन मेमरी जुळवून घेत असतं. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

एसएसडी बदलण्याआधी घरीच एक काम उरका: मायक्रोसॉफ्ट खात्यावर जाऊन बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून घ्या. विंडोज ११ होम बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप लॉक करतं, मालकाला पत्ताही नसतो, आणि की नसेल तर जुना डेटा गेला. नवीन विंडोज पेनड्राइव्हवरून टाकताना इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या मशीनवर डिस्क यादीत दिसतच नाही असं होतं. एसएसडी खराब नसते. इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर (विंडोजला डिस्क ओळखायला लावणारी फाइल) पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यावा लागतो. हे माहीत नसलेला कारागीर एसएसडीच बदलायला निघतो.

काढलेला जुना ५१२ दुकानात मोडीत देऊ नका. यूएसबीचं एनव्हीएमई एन्क्लोजर (डिस्क ठेवायचा बाहेरचा डबा) घेतलं की तो बॅकअपला लागतो. एन्क्लोजर साटाचं नाही ना, एवढं डब्यावर वाचून घ्या.